गुंडाचा पोशाख : पडद्यावरचा आणि खरा

मागच्या स्नेहसंमेलनात आमच्या मुलांनी एक एकांकिका बसवली होती. तीत गुंडाचे काम करणारा विद्यार्थी माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, कपडे कोणते घालू?" पण त्याचे ठरलेलेच होते. काळा कोट, डोळ्यांवर ओढलेली तिरकी हॅट आणि डाव्या गालावर काजळाने काढलेला वण! मी विचारले, "अरे, असा गुंड तू पाहिलास कुठे?" तो म्हणाला, "सिनेमात." प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मीही नाही. मग ही हॅट आणि हा वण आमच्या गावापर्यंत आला कोठून?

तो आला अमेरिकेतल्या शिकागो शहरातून. अमेरिकेत १९२० साली दारूबंदी सुरू झाली आणि १९३३ साली उठली. मधल्या तेरा वर्षांत चोरट्या दारूच्या धंद्यावर मोठमोठ्या टोळ्या पोसल्या गेल्या. शिकागोच्या टोळीचा म्होरक्या अल कपोन. इटलीहून पोटासाठी आलेल्या एका न्हाव्याचा हा मुलगा, १८९९ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात जन्मला. लहान वयातच एका मारामारीत त्याच्या डाव्या गालावर सुऱ्याचे वार झाले. त्या वणांची त्याला फार लाज वाटे. छायाचित्र काढताना तो उजवी बाजू पुढे करी. आणि गंमत पाहा, त्याने जन्मभर जे झाकले, तेच आमचा विद्यार्थी हौसेने काजळाने काढतो!

कपोनच्या अंगावर भडक रंगाचे उंची सूट असत, डोक्यावर मोतिया करड्या रंगाची हॅट. आता कोणी म्हणेल, चोरट्या धंद्याच्या माणसाने तर साधे राहावे, लोकांच्या नजरेत भरू नये. पण तसे नव्हते. दाटीवाटीच्या वस्तीत वाढलेल्या, ज्याला कोणी दारात उभे करीत नसे अशा पोराला चांगला सूट म्हणजे प्रतिष्ठेचा परवाना वाटे. आपल्याकडे पैसा आला की माणूस आधी माडी बांधतो ना, तसेच हे. माडी एका जागी राहते, सूट मात्र अंगावर घालून गावभर मिरवता येतो, एवढाच फरक. याच कपोनच्या ओळखपत्रावर धंदा कोणता लिहिलेला होता? जुन्या फर्निचरची विक्री!

पुढे हेच कपडे त्याच्यावर उलटले. खुनांबद्दल त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी धजेना. तेव्हा सरकारने त्याला प्राप्तिकर चुकवल्याच्या आरोपाखाली धरले. पण मिळकत सिद्ध करायची कशी? त्याच्या नावावर बँकेत खाते नाही, हिशेबाची वही नाही. मग सरकारी वकिलांनी उलटी वाट धरली. मिळकत दिसत नसेल तर खर्च मोजा! १९३१ सालच्या ऑक्टोबरात दुकानांतले विक्रेते आणि हॉटेलांचे नोकर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभे राहिले. किती सूट शिवले, किती सदरे घेतले, पट्ट्याची हिरेजडित बक्कले किती, एवढेच काय, आतले रेशमी कपडेसुद्धा भर कोर्टात मोजले गेले. अकरा वर्षांची शिक्षा आणि पन्नास हजार डॉलर दंड झाला. बंदुकांना जे जमले नाही ते शिंप्यांच्या आणि दुकानदारांच्या बिलांनी केले. इतिहासाच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. पुरावा म्हणजे नेहमी ताम्रपटच असतो असे नाही.

याच सुमारास बोलपट नुकताच बोलू लागला होता. १९३१ साली 'लिटल सीझर' आणि 'पब्लिक एनिमी', १९३२ साली 'स्कारफेस' असे तीन चित्रपट पाठोपाठ आले. 'स्कारफेस'ची कथा रचणाऱ्यांत बेन हेक्ट हा गृहस्थ होता. तो शिकागोत वार्ताहर म्हणून काम केलेला. या चित्रपटांत नायक वर चढला की आधी त्याचे कपडे बदलतात. कोणी शिंप्याला मापे देतो, कोणी आरशासमोर उभा राहतो, कोणी सदऱ्यांचा ढीग मैत्रिणीला दाखवतो. शेवटी तो गोळ्या खाऊन मरतो हे खरे, पण तो शेवट पाचदहा मिनिटांचा. सूट मात्र तासभर डोळ्यांपुढे असतो. पोरांच्या मनात काय राहणार, ते आपणच सांगा.

याच्या अगदी उलट चित्र १९३४ सालचे. बँका लुटणारा जॉन डिलिंजर २२ जुलैच्या रात्री शिकागोतल्या एका चित्रपटगृहातून बाहेर पडला आणि सरकारी माणसांच्या गोळ्यांनी ठार झाला. आत तो टोळीवाल्याचाच चित्रपट पाहत होता. त्यात क्लार्क गेबल झोकदार कपड्यांत मिरवतो. आणि खरा दरोडेखोर? उन्हाळ्याचे दिवस, अंगात कोट नाही, साधा पांढरा सदरा, डोक्यावर गवती टोपी. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला तो एखादा कारकून वाटला असता.

पुढे पुढे तर ओघ उलटा फिरला. १९४७ सालच्या 'किस ऑफ डेथ' या चित्रपटातला खुनी पाहून जो गॅलो नावाचा न्यूयॉर्कचा तरुण तसाच काळा सदरा आणि पांढरा टाय घालू लागला. पुढे तो खराच नामांकित गुंड झाला. १९७२ साली एका खानावळीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे सिनेमाने गुंडाची नक्कल केली आणि गुंडाने सिनेमाची. आता मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे सांगणे अवघड.

आपल्या मुंबईत हाजी मस्तान हा तस्कर पांढरे शुभ्र कपडे घाली, पांढऱ्या मोटारीतून फिरे. तो आधी गोदीत हमाली करीत असे. हमालाच्या अंगावर पांढरे टिकत नाही, तेव्हा त्या पांढऱ्याचा अर्थ गोदीतल्या माणसांना न सांगता कळत असणार. १९७५ सालच्या 'दीवार'मधल्या विजयचे पात्र काहीसे त्याच्यावरून बेतलेले मानतात. पण प्रेक्षकांच्या मनात राहिला तो विजयचा गोदीतला निळा सदरा, खाली गाठ मारलेला. ती गाठ कोणा गुंडाची लकब नव्हे. सदरा शिवताना फार लांब झाला, चित्रीकरण तर सुरू व्हायचे होते, म्हणून गाठ मारून वेळ निभावली, असे अमिताभ बच्चन यांनी स्वतःच सांगितले आहे.

आमच्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. त्याने निमूटपणे ऐकून घेतले आणि प्रयोगाच्या दिवशी हॅट घालूनच रंगमंचावर आला. वण मात्र त्याने या खेपेला उजव्या गालावर काढला होता.