चार हेल्मेटे आणि एक कॅमेरा : शिपाई टोनी व्हॅकारो यांचे युद्ध

१९४४ चा उन्हाळा, फ्रान्समधील नॉर्मंडी. दिवसाची लढाई थंडावून अंधार पडला की अमेरिकेच्या ८३ व्या इन्फंट्री डिव्हिजनमधला एक शिपाई सोबत्यांकडे त्यांची हेल्मेटे मागत फिरे. अमेरिकन हेल्मेटाचे बाहेरचे पोलादी कवच आतल्या टोपीपासून सुटे होत असे. शिपाई त्याच कवचात पाणी घेऊन दाढी करत, तोंड धूत. या शिपायाला मात्र ते वेगळ्याच कामासाठी हवे असे. स्वतःचे धरून चार हेल्मेटे तो ओळीने मांडी. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात हायपो, चौथ्यात पुन्हा पाणी. ही रसायने त्याला उद्ध्वस्त गावातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानाच्या ढिगाऱ्यात सापडली होती.

डार्करूम नव्हती, म्हणून रात्रीलाच डार्करूम करावे लागले. फिल्मवर प्रकाशाचा कण पडला तरी दिवसभराचे काम वाया. म्हणून दिवा नाही, काडी नाही. फिल्मची लांबलचक पट्टी दोन्ही हातांनी धरून एकेका हेल्मेटातून खालीवर फिरवायची आणि वेळ अंदाजाने मोजायची. मग ती ओली पट्टी झाडाच्या फांदीला वाळत टाकायची. पहाटे ती गुंडाळून पाठपिशवीत जाई आणि शिपाई रायफल उचलून पुढच्या वाटेला लागे.

हा शिपाई म्हणजे टोनी व्हॅकारो. युद्धछायाचित्रणाच्या इतिहासात त्यांचे नाव आज रॉबर्ट कापासारख्या व्यावसायिकांच्या बरोबरीने घेतले जाते. पण या कीर्तीच्या मुळाशी लष्कराने दिलेला एक नकार आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्यांच्या छायाचित्रांचे वेगळेपण ध्यानात येत नाही.

व्हॅकारो यांचा जन्म २० डिसेंबर १९२२ रोजी पेनसिल्व्हेनियातील ग्रीन्सबर्ग येथे, इटालियन स्थलांतरितांच्या घरी झाला. लहानपणीच कुटुंब इटलीत, मोलिझे प्रांतातील बोनेफ्रो या गावी परतले. आईवडील दोघेही लवकर गेले आणि मुलाचे बालपण नातलगांच्या आश्रयाला, फारशा मायेविना सरले. युरोपात युद्धाचा वणवा पेटला तेव्हा जन्माने अमेरिकन असलेला हा मुलगा न्यूयॉर्कजवळ परतला. तिथल्या शाळेत कॅमेरा हाती आला आणि १९४३ मध्ये सैन्यभरतीचा हुकूमही आला.

अमेरिकन भूदलात छायाचित्रणाचे काम सिग्नल कोअर या शाखेकडे असे. व्हॅकारो यांनी तिथेच अर्ज केला, पण वय कमी म्हणून त्यांना नाकारण्यात आले. वीस वर्षांचे बोट रायफलीचा चाप ओढायला चालते, मग कॅमेऱ्याचे बटण दाबायला का चालत नाही, हा प्रश्न ते पुढे आयुष्यभर हसत हसत विचारत राहिले. लष्कराने उत्तर दिले नाही; पायदळात धाडले. व्हॅकारो यांनी आपला स्वतःचा कॅमेरा सोबत घेतला.

इथे त्या काळातले अधिकृत लष्करी छायाचित्रण कसे चाले, ते पाहायला हवे. सिग्नल कोअरचे छायाचित्रकार बहुधा ‘स्पीड ग्राफिक’ हा अवजड कॅमेरा वापरत. त्यात फिल्मचे रीळ नसे. एकेका छायाचित्रासाठी फिल्मचा एकेक सुटा तुकडा भरावा लागे. प्रतिमा उत्तम निघे, पण गोळ्या सुटत असताना असला कॅमेरा चालवणे जवळजवळ अशक्यच. काढलेली फिल्म मागच्या ठाण्यावर जाई, तिथे सेन्सॉरची कात्री लागे आणि मग उरलेसुरले वृत्तपत्रांपर्यंत पोचे. अमेरिकन मृत सैनिकांची छायाचित्रे तर युद्धाच्या पहिल्या पावणेदोन वर्षांत जनतेला दाखवलीच गेली नव्हती. न्यू गिनीतील बुना किनाऱ्यावर पडलेल्या तीन अमेरिकन सैनिकांचे जॉर्ज स्ट्रॉक यांचे छायाचित्र ‘लाइफ’ साप्ताहिकात छापले गेले ते सप्टेंबर १९४३ मध्ये, तेही वरिष्ठ पातळीवर बराच खल झाल्यानंतर. त्यातही कोणाचा चेहरा दिसत नाही.

व्हॅकारो यांच्याजवळ होता ‘आर्गस सी-३’. विटेसारखा चौकोनी, स्वस्त, ३५ मिलिमीटर फिल्मचा अमेरिकन कॅमेरा. वापरणारे त्याला ‘वीट’ याच नावाने ओळखत. लष्कराच्या दृष्टीने तो एका शिपायाचा खासगी खेळ होता. पण एका रिळात छत्तीस छायाचित्रे बसत, कॅमेरा अंगरख्याखाली लपे आणि एका हाताने बाहेर काढता येई.

नॉर्मंडीवरील पहिल्या उतरणीनंतर थोड्याच दिवसांत, त्याच जून महिन्यात ते ओमाहा किनाऱ्यावर पोचले. कापा ६ जूनला याच किनाऱ्यावर उतरले होते. त्यांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ते वार्ताहर होते आणि त्याच दिवशी फिल्म घेऊन बोटीने परत जाणे हाच त्यांच्या कामाचा भाग होता. व्हॅकारो यांना परतीची बोट नव्हती. पुढचे २७२ दिवस ते आघाडीवर होते, त्यातला बराच काळ टेहळणीच्या कामावर. रात्री शत्रूच्या हद्दीत शिरून बातमी काढायची आणि उजाडल्यावर बाकीच्यांसोबत लढायचे. दोनदा जखमी झाले. रायफल खाली ठेवून कॅमेरा उचलायचा की नाही, हा निर्णय दर वेळी काही क्षणांत घ्यावा लागे आणि चुकला तर त्याची किंमत फक्त त्यांनाच मोजावी लागणार नव्हती.

४ जुलै १९४४ रोजी ८३ वी डिव्हिजन नॉर्मंडीच्या कुंपणांच्या मुलखात हल्ल्यावर गेली. मातीचे उंच बांध, त्यांवर दाट झाडोरा, प्रत्येक शेत म्हणजे एक छोटा किल्ला. या मुलखाची अधिकृत छायाचित्रे पाहिली तर बहुतेकदा लढाई संपलेली असते. जळलेले रणगाडे, रांगेने चाललेले कैदी. व्हॅकारो यांच्या चौकटीत माणसे जमिनीला चिकटलेली दिसतात, कारण छायाचित्र घेणाराही जमिनीला चिकटलेला आहे. क्षितिज तिरके, पुढे गवताची पाती, प्रतिमा कधी हललेली.

(याच आठवड्यातली एक आठवण मराठी वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली आणि तो जिंकून तिथेच प्राण सोडला. वय २२. व्हॅकारो तेव्हा २१ वर्षांचे होते. घाडगे यांचा तो दिवस आपल्याला कळतो तो मुख्यतः मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रातून. इटलीतील हिंदी जवानांची जी छायाचित्रे सर्रास दिसतात, ती बहुतांशी सरकारी छायाचित्रकारांनी, सरकारी हेतूने घेतलेली आहेत. कॅमेरा कोणत्या शिपायाच्या पिशवीत होता आणि कोणत्या नव्हता, यावर इतिहासाला काय दिसते हे बरेचसे ठरते.)

ऑगस्टमध्ये डिव्हिजन ब्रिटनी प्रांतात सां-मालोच्या वेढ्यात गुंतली होती. १४ तारखेला जवळच्या सां-ब्रिआक गावात सुटकेचा आनंद साजरा होत होता. गावातल्या बायका फेर धरून नाचत होत्या आणि मधोमध सार्जंट जीन कोस्टान्झो एका चिमुरडीसमोर गुडघे टेकून तिचा मुका घेत होता. व्हॅकारो यांनी बटण दाबले. ‘मुक्तीचे चुंबन’ म्हणून हे छायाचित्र पुढे जगभर गेले. त्यात विजयाचा आवेश नाही. सार्जंटचे गुडघे आणि मुलीचा चेहरा एका पातळीवर आहेत, इतकेच. व्हॅकारो यांच्या युद्धातील छायाचित्रांत असा उजेड फार थोड्या वेळा येतो.

डिसेंबरात जर्मनीच्या सीमेवरचे ह्युर्टगेनचे अरण्य, आणि त्यानंतर बेल्जियममधील आर्देनचा बर्फ. जानेवारी १९४५ मध्ये ओत्रे या खेड्याजवळच्या माळावर त्यांनी घेतलेले छायाचित्र हे त्यांच्या साऱ्या कामातले सर्वांत शांत आणि सर्वांत असह्य छायाचित्र आहे. पांढऱ्याशुभ्र विस्तारात एक अमेरिकन सैनिक बर्फाने अर्धवट झाकून पडलेला. रक्त दिसत नाही, चेहरा दिसत नाही. बर्फाने त्याच्या देहाची फक्त रेषा ठेवली आहे. तो शिपाई हेन्री टॅनेनबॉम, व्हॅकारो यांच्या ओळखीतला. छायाचित्राचे नाव त्यांनी ठेवले ‘श्वेत मृत्यू’.

ओळखीच्या मृत माणसाकडे कॅमेरा रोखणे कितपत योग्य, असा प्रश्न इथे उभा राहतो. वार्ताहराला ‘हे माझे काम आहे’ असे म्हणता येते. व्हॅकारो यांना ते म्हणता येत नव्हते, कारण त्यांना कोणी नेमले नव्हते आणि ही चित्रे कुठे छापून येतील याची शाश्वतीही नव्हती. उलट हेही खरे की त्या माळावर टॅनेनबॉमच्या जागी ते स्वतः असू शकले असते, हे त्या क्षणी त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक होते? प्रतिमेत जो संकोच आहे, जे अंतर राखले आहे, ते तिथूनच आले असावे. ते छायाचित्र पाहणाऱ्याला धक्का देण्यासाठी घेतलेले वाटत नाही.

अर्थात सहभागी माणसाने घेतले म्हणून छायाचित्र आपोआप अधिक खरे होत नाही. शिपायाला आपल्या तुकडीपुरतेच युद्ध दिसते. डिव्हिजन कुठे चालली, शेजारच्या खोऱ्यात काय घडले, शत्रूच्या बाजूला काय होते, हे त्याच्या चौकटीत येत नाही. तरीही एक तुलना करून पाहावी. बर्लिनच्या राइशस्टागवर सोव्हिएत ध्वज फडकवतानाचे येवगेनी खाल्देई यांचे गाजलेले छायाचित्र २ मे १९४५ चे आहे. ते मुद्दाम मांडणी करून घेतले गेले, प्रसिद्धीपूर्वी त्यावर हातही फिरवला गेला. राष्ट्राला विजयाची प्रतिमा हवी होती, ती तयार झाली. व्हॅकारो यांच्याकडे प्रतिमेची मागणी करणारे कोणीच नव्हते. सुमारे ८,००० छायाचित्रे कोणाच्याही आदेशाविना जमली, ही गोष्ट इतिहासाच्या साधनांचा विचार करणाऱ्याला महत्त्वाची वाटावी.

एप्रिल १९४५ मध्ये ८३ वी डिव्हिजन एल्ब नदीपाशी पोचली. मे महिन्यात युरोपातले युद्ध संपले. सोबती घरी निघाले, पण व्हॅकारो यांनी लष्करातून मुक्त झाल्यावरही जर्मनी सोडली नाही. कालपर्यंत ज्या देशावर गोळ्या झाडल्या, त्याच देशाचे ढिगारे आणि माणसे ते १९४९ पर्यंत टिपत राहिले. लष्कराच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीसाठी कामही केले. फ्रँकफुर्टमधल्या एका छायाचित्रात परतलेला जर्मन सैनिक आपल्या बेचिराख वस्तीसमोर कोसळून बसला आहे. ओत्रेचा बर्फ पाहिलेल्या माणसाने शत्रूच्या दुःखाकडेही त्याच नजरेने पाहावे, हे सोपे नव्हते. मग ‘सुमारे ८,०००’ छायाचित्रांतली कोणती थोर, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर युद्धाच्या नव्हे, या चार वर्षांच्या चित्रांत शोधावे, असे म्हणण्यास नक्कीच जागा आहे.

अमेरिकेत परतल्यावर मात्र त्यांनी युद्धाकडे पाठ फिरवली. ‘लुक’, ‘लाइफ’, ‘फ्लेअर’ या नियतकालिकांसाठी फॅशन, चित्रकार, नटनट्या. पिकासो, सोफिया लॉरेन, जॉर्जिया ओकीफ. भोवती सौंदर्य हवे, इतकीच जणू अट. युद्धातल्या निगेटिव्ह पेट्यांत बंद राहिल्या, आणि त्या पेट्या उघडायला अनेक दशके जावी लागली. १९४४ ते १९४९ या काळातील चित्रांचे ‘एंटरिंग जर्मनी’ हे पुस्तक २००१ मध्ये आले, त्यांच्यावरचा ‘अंडरफायर’ हा माहितीपट २०१६ मध्ये. तोवर फ्रान्सने त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ देऊन गौरवले होते. ज्या बोनेफ्रोत पोरके बालपण गेले, त्या गावाने त्यांच्या छायाचित्रांचे संग्रहालय उभारले.

टॅनेनबॉमच्या मुलाला वडिलांचे ते छायाचित्र फार उशिरा दिसले. तो व्हॅकारो यांना भेटला आणि दोघे मिळून ओत्रेला गेले. १९४५ मधला तो उघडा माळ आता नाताळसाठी लावलेल्या सूचिपर्णी झाडांनी भरला होता. जर्मन भाषेत ‘टॅनेनबॉम’ म्हणजे तेच झाड.

सिग्नल कोअरच्या छायाचित्रांना क्रमांक आहेत, ती सरकारी अभिलेखागारात आहेत, कोणालाही वापरता येतात. व्हॅकारो यांच्या युद्धचित्रांना लष्कराने क्रमांक दिले नाहीत. ती न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या राहत्या जागी राहिली आणि पुढे कुटुंबीयांनी त्यांचा संग्रह लावला. २०२० च्या वसंतात, ९७ व्या वर्षी, व्हॅकारो यांना कोविड झाला. त्यातूनही ते उठले. २० डिसेंबर २०२२ रोजी त्यांनी शंभरी पूर्ण केली आणि त्यानंतर आठ दिवसांनी त्यांचे निधन झाले.