मय्यतीच्या घरचे जेवण

हिजरी ८, म्हणजे इ.स. ६२९ मध्ये, आजच्या जॉर्डनमधील मूता येथील लढाईत हजरत जाफर बिन अबू तालिब शहीद झाले. ही खबर मदिनेत पोचली तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) आपल्या लोकांना जाफर यांच्या घरच्यांसाठी जेवण करायला सांगितले, कारण त्या घरावर असा प्रसंग आला होता की त्यांना दुसरे काही सुचणार नव्हते. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत ही हकीकत आहे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्याने अन्न न्यायचे, इतकी ती साधी आहे. महाराष्ट्रात याच रीतीला 'कडू घास' म्हणतात आणि उर्दूत 'कडवी रोटी'. दोन्ही भाषांनी त्या अन्नाची चव एकच सांगितली आहे.

मग तिजा, दहावा, विसावा आणि चाळिसावा यांच्या दिवशी हे ताट उलटे कसे फिरते? चाळिसाव्याला मय्यतीच्या घरचे लोक मोहल्ल्याला जेवू घालतात. देगा मांडल्या जातात, पाहुण्यांची यादी होते, बिर्याणीत मसाला बरोबर पडला की नाही याची चर्चा होते. या रिवाजाचा इतिहास शोधताना मला जावा बेटाचा फार उपयोग झाला. आपल्याकडे जे वाद मशिदीच्या पायरीवर होतात आणि तिथेच विरतात, ते तिथे जाहीरपणे, संघटनांच्या ठरावांतून झाले.

जावातील मुसलमान मृत्यूनंतरचे दिवस आपल्यापेक्षाही लांब मोजतात. दफनाचा दिवस, तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, मग पहिले आणि दुसरे वर्ष आणि शेवटी हजारावा दिवस. या प्रत्येक दिवशी 'स्लामेतान' नावाचे जेवण असते. शेजारचे पुरुष चटईवर बसतात, कलमा आणि कुराणातील आयतींचे पठण होते (त्याला 'तहलिलान' म्हणतात), आणि जाताना प्रत्येकाच्या हाती घरी न्यायला अन्न दिले जाते. त्या अन्नाला 'बरकत' म्हणतात. शब्द आपलाच आहे. कबरीवरचा पक्का दगड पुष्कळ ठिकाणी हजाराव्या दिवसानंतरच बसवतात. हे मोजमाप कुठून आले याबद्दल एकमत नाही. बरेच अभ्यासक त्यात इस्लामपूर्व हिंदू-बौद्ध जावाचा वारसा पाहतात, तर काही जाणकार ते आजच्या व्हिएतनाममधील चंपा राज्याच्या मुसलमानांकडून आले असे मानतात.

१९१२ मध्ये योग्यकर्ता येथे अहमद दहलान यांनी 'मुहम्मदिया' ही सुधारणावादी संघटना काढली. कुराण-हदीसमध्ये नाही ते सोडा, असा तिचा आग्रह होता आणि मृत्यूची ही जेवणे त्यात आली. जुन्या उलमांनी १९२६ मध्ये सुरबाया येथे 'नहदतुल उलमा' स्थापन केली. मृतासाठी पठण आणि सदका करता येतो, त्याचा सवाब त्याला पोचतो, ही त्यांची बाजू. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरबायाला झालेल्या त्यांच्या पहिल्या अधिवेशनात काय ठरले? मय्यतीच्या घरच्यांनी ठरावीक दिवशी लोक जमवून जेवण देण्याची सक्ती असेल तर ते मकरूह, म्हणजे नापसंत आहे. मात्र त्यामुळे सदक्याचा सवाब जात नाही. परंपरेचे रक्षण करायला उभ्या राहिलेल्या संघटनेनेही यजमानाच्या खांद्यावरचे ओझे पाहिले होते. आपल्याकडे या रिवाजाची बाजू घेणारे आणि त्याला बिदअत म्हणणारे, दोघेही इतके बारकाईने बोलताना क्वचित दिसतात.

वाद ताणला की काय होते, हेही जावानेच दाखवले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ १९५४ मध्ये पूर्व जावातील एका छोट्या शहरात राहत होता. तिथे साधारण दहा वर्षांचा एक मुलगा अचानक वारला. तिथली रीत अशी की, मृत्यूची बातमी कळताच शेजाऱ्यांनी हातातले काम टाकून त्या घरी जायचे. बायका वाडग्यात तांदूळ आणतात आणि त्याच तांदळाचे पहिले स्लामेतान शिजते. पुरुष कबर खणायला लागतात. म्हणजे मदिनेतील ती जुनी गोष्ट इथे जिवंत होती. निदान पहिल्या दिवशी अन्न शेजाऱ्यांचेच होते. पण हा मुलगा ज्या काकांकडे राहत होता ते इस्लामविरोधी पक्षाचे होते आणि त्या पक्षाचे भित्तिपत्रक घराच्या दारावर लावलेले होते. ते पाहून दफनविधी करणाऱ्या 'मोदिन'ने अंग काढून घेतले. १९५५ च्या निवडणुकीपूर्वीचे ते दिवस होते. शेजारी जमले, पण कुणाला काय करावे ते कळेना. मय्यत तशीच पडून राहिली. मुलाचे आईबाप सुरबायाहून आले आणि बापाने इस्लामी रीतीने दफन हवे असे सांगितले, तेव्हा कोंडी फुटली. गीर्ट्झने १९५७ च्या आपल्या निबंधात हे सारे लिहिले आहे. जावातील माणसे मृत्यूनंतर 'इक्लास' शोधतात, असेही तो सांगतो. आपल्या 'इख्लास'चेच हे रूप. पण तिथे त्याचा अर्थ गेलेल्याला शांतपणे सोडून देणे असा झाला आहे. त्या घरात त्या दिवशी इक्लास कुणालाच मिळाला नाही.

खर्चाचा प्रश्न काही मुसलमानांपुरता नाही. सुलावेसी बेटावरचे तोराजा लोक बहुतांशी ख्रिस्ती आहेत. पुरेशा म्हशी जमेपर्यंत ते मृतदेह महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे घरात ठेवतात आणि तोवर त्याला 'आजारी' म्हणतात. नातेवाइकांनी आणलेली प्रत्येक म्हैस हे कर्ज असते आणि ते पुढच्या पिढीलाही फेडावे लागते. जपानमध्ये उलट आहे. तिथे येणारा प्रत्येक जण पाकिटात पैसे आणतो, त्याची नोंद होते, आणि साधारण एकोणपन्नासाव्या दिवसानंतर घरचे लोक सुमारे निम्म्या किमतीची भेट परत पाठवतात. हिशेबी वाटते खरे; पण अंत्यविधीचा खर्च एकट्या घरावर पडत नाही.

आपल्याकडे मौलाना अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'बहिश्ती जेवर'मध्ये तिजा-चाळिसाव्याच्या रिवाजांवर टीका केली. बिदअतीचा मुद्दा लोकांनी उचलला आणि त्यावर फिरके भांडत राहिले. त्याहून जड असलेला फिकहचा एक मुद्दा मात्र मागे पडला. माणूस मरताच त्याची मालमत्ता वारसांची होते. वारसांत लहान मुले असतील तर त्यांचा हिस्सा कुणालाही, त्यांच्या 'हो' म्हणण्यानेसुद्धा, खर्च करता येत नाही. यतिमाचे धन खाणाऱ्याबद्दल कुराणात (सूरह निसा, आयत १०) आगीचा इशारा आहे.

म्हणून तरुण बाप वारलेल्या घरी चाळिसाव्याची देग चढते तेव्हा तिजा मानणारा असो की न मानणारा, दोघांनीही आधी विचारायला हवे की हे तांदूळ कुणाच्या पैशाचे आहेत. मोहल्ला जेवून उठतो. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. चाळिसावा झाला तेव्हा तिचे निम्मे दिवसही सरलेले नसतात, आणि मुलांच्या शाळेची फी भरायची राहिलेली असते.