राजधान्यांची प्रदक्षिणा आणि दुर्ग

संगणकाच्या पडद्यावर विमान चालवीत, देशोदेशींच्या राजधान्यांत उतरत पृथ्वीप्रदक्षिणा करणे आज घरबसल्या शक्य झाले आहे. हवाई विक्रमांच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रदक्षिणेचा मार्ग निदान कर्कवृत्ताच्या लांबीइतका, म्हणजे सुमारे ३६,८०० किलोमीटर असावा लागतो. भूगोलाच्या तासाला नकाशावर तुटक रेघेने दाखवले जाणारे हे कर्कवृत्त छत्तीसगडच्या उत्तर भागातूनच जाते. ताशी २२० किलोमीटर वेगाच्या लहान विमानाने तेवढे अंतर कापायला सुमारे १६७ तास लागतील. रोज संध्याकाळी दोन तास दिले, तर जवळजवळ तीन महिन्यांचा हा उद्योग! भारतीय वायुदलाच्या राहुल मोंगा आणि अनिल कुमार यांनी १ जून ते १९ ऑगस्ट २००७ या काळात अतिहलक्या विमानातून खरीखुरी प्रदक्षिणा केली, तिलाही साधारण तेवढेच दिवस लागले होते.

या आभासी उड्डाणाचे मूळ वाद्यांच्या कारखान्यात आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन तयार करण्याचा व्यवसाय होता. तेथील भात्यांचे तंत्र वापरून त्यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच डोलणारे, वळणारे शिकाऊ विमान बनवले. पेटीचा भाता हाताळलेल्यांना ही करामत चटकन उमगेल. आरंभी जत्रेतील गंमत म्हणूनच त्याकडे पाहिले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचे काम आले आणि खराब हवामानात अनेक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. त्यांत बाहेरचे दृश्य मुळीच नसे. झाकण लावून घेतलेला शिकाऊ केवळ उपकरणे पाहून ‘उडत’ असे आणि शेजारच्या मेजावरील नकाशावर एक लेखणी त्याचा मार्ग उमटवीत जाई. पुढे ब्रूस आर्टविक यांनी १९७९ मध्ये घरगुती संगणकासाठी हा खेळ रचला. १९८२ च्या मायक्रोसॉफ्ट आवृत्तीत अमेरिकेतील मोजक्याच शहरांचा परिसर होता. अवघी पृथ्वी उपग्रहचित्रांसह पडद्यावर आली ती ऑगस्ट २०२० मध्ये, जग घरात अडकून पडले असताना.

अशा प्रदक्षिणेचा आरंभ भिलाईजवळच्या नंदिनीच्या धावपट्टीवरून करता येईल. दिल्लीनंतर मॉस्को घेणे भिलाईकरांना सयुक्तिक वाटावे, कारण १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातूनच येथील पोलाद कारखाना उभा राहिला. परंतु ज्याची राजधानी बदलत राहिली, त्या दुर्गला राजधानी या शब्दाचा अर्थ पडद्याबाहेरच अधिक कळलेला आहे.

१९०६ मध्ये दुर्ग जिल्हा झाला (इंग्रजी कागदपत्रांत त्याचे ‘ड्रग’ झाले होते, ही त्या अमदानीची कृपा!), तेव्हा राजधानी नागपूर होती, रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटर. दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेचे अध्यक्ष होते ते नागपुरातच. हिंदी आणि मराठी त्या प्रांतात शेजारी म्हणून नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्गची राजधानी भोपाळ झाली. नव्या राजधानीकडे जाणारी जवळची रेल्वेवाट जुन्या राजधानीवरूनच जात होती! दुर्गचा मराठी माणूस जागचा हलला नव्हता. सरहद्द मात्र त्याच्या पश्चिमेला येऊन उभी राहिली आणि एका रात्रीत तो भाषिक अल्पसंख्य ठरला. त्याच घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आणले, ज्यात अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे म्हटले आहे. कलम कागदावर होते. वर्ग भरवायला शिक्षक, पाठ्यपुस्तके आणि मुलांना मराठी शाळेतच घालणारे पालक लागत. पोलाद कारखान्यामुळे येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी ते बळ पुरवले. मुलांच्या पुढील शिक्षणाची आणि नोकरीची काळजी असतानाही त्यांनी हा निर्णय घेतला, हे विसरून चालणार नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि राजधानी रायपूरला, अवघ्या ४० किलोमीटरांवर आली. पडद्यावरचा वैमानिक प्रदक्षिणा पुरी करून मानाच्या धावपट्टीकडे वळतो, तेव्हा खाली नवा रायपूरचे रुंद, सरळ रस्ते दिसतात. दुर्ग तेथून पश्चिमेला, काही मिनिटांच्या उड्डाणावर आहे.