झाडीपट्टीच्या मंचावरील घरघर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धानकापणीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांनिमित्त रात्रभर नाटके रंगतात. वडसा ज्यांचे केंद्र आहे अशा या संगीतप्रधान प्रयोगांत माइक आणि ॲम्प्लिफायर आले, तेव्हा प्रेक्षकांपर्यंत नटाचा शब्द पोहोचू लागला, पण त्यासोबत कर्ण्यातील घरघरही आली. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. दोन यंत्रांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी झाले, की त्यांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून प्रवाह फिरतो, ज्याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात, आणि तीच आवर्तने सुरांत मिसळतात. घरातील स्टिरिओचेही दुखणे हेच. एकेक केबल काढून दोष हेरावा, दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. अर्थिंगची तार तोडणे मात्र जिवावर बेतणारे असल्याने सर्वथा वर्ज्य आहे.