तीनचाकीची बॅटरी आणि तिचा दोष शोधण्याची विद्या

तीनचाकी आणि बॅटरी यांची जोडी कार्ल बेंझच्या १८८६ मधल्या पेट्रोल गाडीच्याही आधीची आहे; ती गाडीसुद्धा तीनचाकीच होती. गास्ताँ प्लांते याने १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसमध्ये विजेची तीनचाकी सायकल चालवली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये एअर्टन आणि पेरी यांनी बनवलेल्या तीनचाकीवर दिवे होते, शिवाय अ‍ॅमीटर आणि व्होल्टमीटरही होते. बॅटरीत किती दम उरला हे चालवणाऱ्याला दिसले पाहिजे, ही समज इतकी जुनी आहे.

पेट्रोल इंजिन आल्यावर बॅटरी दुय्यम झाली. हार्ले-डेव्हिडसनची ‘सर्व्ही-कार’ ही तीनचाकी मोटारसायकल अमेरिकेत १९३२ ते १९७३ या काळात बनत होती. गॅरेजवाले आणि पोलीस ती वापरत. तिचा सुरुवातीचा डायनामो तीन ब्रशांचा होता. तिसरा ब्रश सरकवून करंट ठरवायचा; बॅटरी भरलेली असो वा रिकामी, डायनामोला त्याचे सोयरसुतक नसे. लांबच्या दिवसाच्या फेऱ्यांत बॅटरीचे पाणी आटे, तर रात्री दिवे लावून हळू गस्त घातली की ती उतरे. बॅटरीची तार सुटली तर व्होल्टेज भडकून बल्ब उडत. पुढे रेग्युलेटर आला आणि दोष कुणाचा, हा प्रश्नही आला. त्यावर मिस्त्रींनी साधी युक्ती वापरली: फील्डचे टर्मिनल क्षणभर अर्थ करायचे. अ‍ॅमीटरचा काटा उसळला तर डायनामो चांगला, दोष रेग्युलेटरचा. १९६४ मध्ये सर्व्ही-कारला सेल्फ स्टार्ट मिळाला आणि उतरलेली बॅटरी लपवणे अवघड झाले.

पुण्याच्या बजाजने पियाज्जोच्या परवान्याखाली ज्या टू-स्ट्रोक रिक्षा बनवल्या, त्यांत ठिणगी मॅग्नेटोची असे. हाताने हँडल ओढले की बॅटरी बसलेली असतानाही रिक्षा सुरू होई. हॉर्न घोगरा झाला, दिवा मिणमिणला, तरी धंदा थांबत नसे. दुरुस्ती लांबणीवर पडण्याचे खरे कारण रिक्षाच्या या रचनेत होते; चालकाचा आळस हे त्याचे अर्धेच उत्तर.

बॅटरीची घडणही बदलत गेली. जुन्या बॅटरीत सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वरच उघड्या असत, त्यामुळे प्रत्येक सेलचे सुमारे दोन व्होल्ट वेगळे मोजता येत. एकसंध झाकण आल्यावर ते बंद झाले, पण बुचे उघडून हायड्रोमीटर घालता येई. आम्लाची घनता १.२६५च्या आसपास असली की सेल भरलेला. सहापैकी एकच सेल खाली आणि बाकीचे सारखे, तर बॅटरी वाचवण्यात अर्थ नाही. सगळेच सेल सारखे खाली असतील, तर आधी चार्जिंगकडे बघायचे. हा फरक ज्याला कळला, त्याने गिऱ्हाईकाचे पैसे वाचवले. सीलबंद बॅटरीने हीही खिडकी मिटवली.

आता मल्टिमीटरवरच भिस्त. थांबलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन वाढवल्यावर साधारण १३.८ ते १४.५. आकडा वाढलाच नाही तर मॅग्नेटची कॉइल, आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट आणि अर्थ क्रमाने तपासायचे. तो १५च्या वर गेला तर रेग्युलेशन गेले, बॅटरी उकळणार. बरेचदा गंजलेली अर्थची तार घासून बसवली की काम होते, म्हणून जाणता वायरमन नवा भाग मागवण्याआधी तीच बघतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विजेवरच्या रिक्षेवर काम केले. पुढे दिल्लीत ई-रिक्षा पसरल्या आणि २०१५ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यांना जागा मिळाली. या रिक्षांत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एका ओळीत जोडून ४८ व्होल्ट मिळवतात. चारांतली एक कमजोर झाली की गाडीची धाव तीच ठरवते, म्हणून प्रत्येक बॅटरी गाडी ओढत असताना वेगळी मोजावी लागते. कमजोर एकटीच्या जागी कोरी बसवली, तर जुन्या तिघी लवकर रिकाम्या होतात आणि दोष पुन्हा त्यांच्याकडेच निघतो.