आधी नोटीस, मग दुरुस्ती

नव्या मोटारीला झेंडूचा हार घालून, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखून आणि चाकांखाली लिंबे ठेवून ती थाटाने दारात आणावी, कर्जाचे हप्ते नुकतेच कुठे सुरू झालेले असावेत, आणि अशा वेळी खुद्द कारखानदारानेच कळवावे की आपल्या वाहनाच्या अमुक एका भागात प्राणास अपाय होण्याजोगा दोष आढळला असून आपण ते सत्वर सर्व्हिस सेंटरात हजर करावे, हा प्रसंग आता जगभर इतक्या घरी घडतो की त्यातले आश्चर्य ओसरून गेले आहे. या प्रकारास रिकॉल म्हणतात. असे पत्र हाती पडताच काही मालकांस कारखानदाराच्या सचोटीचे कौतुक वाटते, तर काहींस आपण फसलो असे वाटून संताप येतो. परंतु या पत्राची वंशावळ पाहू गेल्यास ते ना सचोटीतून जन्मले ना लबाडीतून, तर न्यायालयात व विधिमंडळात शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या हुज्जतीतून ते टप्प्याटप्प्याने निघाले, आणि त्यातही नोटीस आधी जन्मली व दुरुस्ती मागाहून, असे दिसून येते. हा वडील-धाकटेपणा वाटतो तितका किरकोळ नाही. रिकॉल झालेल्या गाडीच्या मालकाची जी कुचंबणा आजही होते, तिचे मूळ मला याच क्रमात दिसते.

या कुळाचा मूळपुरुष शोधू लागल्यास मोटारीच्याही मागे, टपालाच्या घोडागाडीपर्यंत जावे लागते. इंग्लंडात 1842 साली विंटरबॉटम नावाच्या एका टपालगाडीच्या सारथ्याने फिर्याद लावली. गाडी मोडून तो जन्माचा लंगडा झाला होता, आणि ती गाडी सुस्थितीत ठेवण्याचा मक्ता राइट नामक इसमाने पोस्टमास्टर जनरलकडून घेतला होता. न्यायालयाने निवाडा दिला तो असा की, मक्त्याचा करार पोस्टमास्टर जनरलशी झालेला असल्यामुळे सारथ्याचा राइटशी काहीएक संबंध पोचत नाही. आणि असा संबंध मान्य केला तर रस्त्यावरून जाणारा कोणीही उठून दावा लावील व त्या दाव्यांस अंत राहणार नाही. ज्याच्याशी करार, त्यालाच दाद, हा शिरस्ता पुढे जवळजवळ पाऊण शतक इंग्लंड-अमेरिकेतील कारखानदारांना चिलखतासारखा उपयोगी पडला.

त्या चिलखतास भेद केला तो न्यूयॉर्क राज्यातील एका पाथरवटाने. डोनल्ड मॅक्फर्सन याने विक्रेत्याकडून ब्यूक मोटार खरेदी केली होती. 1911 साली आजारी शेजाऱ्याला साराटोगा स्प्रिंग्जच्या इस्पितळात नेत असता तिच्या लाकडी चाकाचे आरे भुगा होऊन कोसळले आणि तो गाडीखाली सापडला. गाडीचा वेग ताशी 8 मैल, म्हणजे जेमतेम 13 किलोमीटर होता, असे पुढे निकालपत्रात नमूद झाले. कंपनीचा बचाव ठरीव होता: आम्ही गाडी विक्रेत्यास विकली, मॅक्फर्सनला नव्हे, शिवाय चाक आमच्या कारखान्यात झालेले नसून दुसऱ्या कारखानदाराकडून घेतलेले होते. 1916 साली या दाव्याचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी एक असा मुद्दा काढला की त्यापुढे तो सगळा बचाव हास्यास्पद वाटू लागतो. या व्यवहारात गाडीत बसून फिरणार नाही अशी जवळजवळ खात्री देता येईल असा माणूस कोण, तर विक्रेता. आणि कायद्याचे संरक्षण तेवढ्या एकट्यालाच मिळावे, असे कंपनीचे म्हणणे! टपालगाडीच्या काळातील दाखले मोटारीच्या काळास लावता येत नाहीत, आणि सदोष बनावटीमुळे जी वस्तू प्राणघातक ठरू शकते तिच्या तपासणीची जबाबदारी अखेर ती पूर्णत्वास नेऊन बाजारात आणणाऱ्यावरच राहते, असे त्यांनी ठरवून दिले. कारखानदार आणि गाडी वापरणारा अनोळखी मनुष्य यांच्यात कायद्याचे नाते प्रथम जुळले ते येथे.

मात्र हे नाते अपघात घडल्यानंतरचे होते. हाडे मोडली तर भरपाई मागता येईल, पण ती मोडण्यापूर्वी कोणी सावध करील अशी तरतूद त्यात नव्हती. पुढली पन्नास वर्षे दोष उमगला की कारखानदार विक्रेत्यांना खाजगी सूचनापत्र धाडीत, आणि ग्राहक तेल बदलायला म्हणून गाडी घेऊन आला की तो भाग गुपचूप बदलून देण्यात येई. जो आला नाही त्याची गाडी तशीच धावत राही.

1965 च्या अखेरीस राल्फ नेडर या एकतीस वर्षांच्या वकिलाने ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॉरव्हेर या एका गाडीविरुद्ध लिहिलेले आहे असा समज रूढ असला, तरी कॉरव्हेरला त्यात पहिले प्रकरण तेवढे मिळाले आहे. बाकीच्या पुस्तकाचा रोख साऱ्या मोटारधंद्यावर आहे. ते पुस्तक कदाचित ग्रंथालयांच्या फळ्यांवरच राहिले असते. परंतु कंपनीने नेडर यांच्या मागे खाजगी हेर लावले, ती गोष्ट उघडकीस आली, आणि मार्च 1966 मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे हजर होऊन जाहीर माफी मागावी लागली. सुधारणेचा कायदा सुधारकांच्या युक्तिवादापेक्षा विरोधकांच्या आगाऊपणामुळे लवकर संमत होतो, याचे इतके चोख उदाहरण विरळा. दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता मोटार-सुरक्षिततेचा कायदा मंजूर झाला, आणि 9 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याने रिकॉल जन्मास आला असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः जन्मास आली ती नोटीस. दोष आढळताच कारखानदाराने मालकास सर्टिफाइड टपालाने कळवावे, त्या पत्रात दोषाचे सुबोध वर्णन असावे, त्यापासून संभवणाऱ्या धोक्याचे मूल्यमापन असावे, आणि तो दूर करण्यासाठी काय करावे लागेल ते लिहिलेले असावे, असे कलम होते. मसुदा मोठ्या काळजीने केलेला होता यात शंका नाही. परंतु दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. पत्र जायचे तेही मूळ खरेदीदारास; त्याच्याकडून गाडी घेतलेल्यास, तिची हमी त्याच्या नावे वर्ग झालेली असेल तरच. सामान्यतः कारखानदार दुरुस्ती फुकट करून देत, तरी तो त्यांच्या मर्जीचा मामला होता. ती मर्जी कशी फिरते याचा प्रत्यय लवकरच आला. त्याच कॉरव्हेर गाडीच्या हीटरमधून विषारी वायू आत शिरतो, असे 1971 मध्ये मालकांना रीतसर कळवण्यात आले, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र त्यांच्याच माथी राहिला. आपण गाडीत बसून कार्बन मोनॉक्साइड हुंगतो आहोत एवढे ज्ञान त्यांना कायद्याने फुकट मिळाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात 67 लाख शेव्हरोले गाड्यांचे प्रकरण निघाले. इंजिन जागेवर धरून ठेवणारे रबरी माउंट तुटले की इंजिन एका अंगाने उचलले जाई, त्यासरशी ॲक्सिलरेटरचा दुवा ताणला जाऊन थ्रॉटल उघडाच राही, आणि गाडी चालकाच्या पायाखालून सुसाट निघे. कंपनीने नवे माउंट बसवण्याऐवजी माउंट तुटल्यावर इंजिन फार वर उचलले जाऊ नये म्हणून त्यास एक तारेचा दोर बांधून दिला. तोही मिळाला म्हणून समाधान मानावे, अशीच तेव्हाची कायद्याची स्थिती होती. अखेर 1974 च्या दुरुस्ती-कायद्याने कारखानदारावर सक्ती आली: दुरुस्ती करा, गाडी बदलून द्या किंवा घसारा वजा करून पैसे परत करा, मालकाकडून मात्र काही घेऊ नका. नोटीस आणि दुरुस्ती यांच्या जन्मात आठ वर्षांचे अंतर पडले ते असे. त्यानंतरही थोरल्या भावंडाचा मान सुटला नाही. पार्कमध्ये ठेवलेली गाडी आपोआप रिव्हर्समध्ये सरकते अशा तक्रारींवरून फोर्डच्या दोन कोटींहून अधिक गाड्यांचा प्रश्न 1980 मध्ये उभा राहिला, तेव्हा सरकारशी तडजोड होऊन मालकांना टपालाने डॅशबोर्डवर लावायची चिकटपट्टी तेवढी पाठवण्यात आली.

आताच्या अमेरिकी नियमाप्रमाणे कारखानदाराने दोष सरकारास कळवल्यापासून 60 दिवसांत मालकाला पत्र गेलेच पाहिजे, मग सुटा भाग तयार असो वा नसो. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे मालकाची गत साडेसाती लागल्याचे सांगून शांतीचा मुहूर्त पुढल्या वर्षी काढणाऱ्या जोशाच्या यजमानासारखी होते. ताकाता कंपनीच्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट भरलेले होते, आणि उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षे राहून ते बिघडले की एअरबॅग फुगवणाऱ्या धातूच्या डबीचाच स्फोट होऊन तिचे तुकडे माणसांच्या अंगात घुसत. एकट्या अमेरिकेत अशा 6 कोटी 70 लाखांच्या आसपास डब्या बदलायच्या होत्या. त्या रातोरात कोठून येणार? दमट किनाऱ्यावरील गाड्यांना अग्रक्रम मिळाला, बाकीच्यांनी वाट पाहिली, आणि टोयोटाने तर सुटा भाग नसेल तेथे पुढल्या प्रवाशाची एअरबॅग बंद करून त्या आसनावर कोणी बसू नये अशी सूचना लावण्याची तजवीज केली.

याहून विलक्षण वाट्याला आले ते शेव्हरोले बोल्ट या विजेच्या गाडीच्या मालकांच्या. पर्यावरणाची चाड म्हणून, किंवा पेट्रोलचा खर्च नको म्हणून, पदरमोड करून घेतलेली ही गाडी; तिच्या बॅटरीतील एखाद्या सेलमध्ये ॲनोडची पट्टी फाटलेली आणि सेपरेटर दुमडलेला, असे दोन्ही दोष एकत्र आले तर आग लागण्याचा संभव होता. नोव्हेंबर 2020 मध्ये पहिला रिकॉल निघाला. सॉफ्टवेअर बदलून गाड्या परत दिल्या, पण बदललेल्या गाड्यांतही आगी लागल्या, म्हणून जुलै 2021 मध्ये दुसरा निघाला, आणि ऑगस्टमध्ये तर तोवर बनलेली प्रत्येक बोल्ट, मिळून सुमारे 1 लाख 42 हजार गाड्या, त्यात ओढली गेली. दरम्यान मालकांना जी ताकीद मिळाली ती एखाद्या व्रताच्या नियमांसारखी वाचावी लागते: बॅटरी 90 टक्क्यांवर चढवू नये, 70 मैलांचे अंतर कापण्याइतकी वीज शिल्लक राहील त्याखाली ती उतरू देऊ नये, चार्जिंग संपताच गाडी घराबाहेर काढावी, रात्रभर घरात चार्जिंगला लावून झोपू नये, आणि सार्वजनिक वाहनतळावर ती इतर गाड्यांपासून 50 फूट दूर उभी करावी.

वरची 10 टक्के वापरायची नाहीत आणि खालचे 70 मैल राखून ठेवायचे, म्हणजे जी गाडी 240 मैल जाते म्हणून विकत घेतली ती व्यवहारात दीडशेच्या आतबाहेर चालणार. शिवाय ज्या घरी गॅरेजातच चार्जर बसवला आहे तेथे झोपण्यापूर्वी चार्जिंग उरकून थंडीपावसात गाडी बाहेर नेऊन ठेवायची. वाहनतळात 50 फूट मोकळी जागा शोधण्याचा सल्ला ज्याने लिहिला त्याने शहरात गाडी कधी लावली असेल असे वाटत नाही. काही मालकांनी कंपनीनेच गाडी परत विकत घ्यावी असा आग्रह धरला, आणि काहींची ती मागणी मान्यही झाली. ज्यांनी दम धरला त्यांना नवी बॅटरी नव्या हमीसह मिळाली. जुन्या गाड्यांना तर पहिलीपेक्षा अधिक क्षमतेची मिळाली. म्हणजे सोसले त्याचे थोडेबहुत चीज झाले म्हणायचे. जवळजवळ 2 अब्ज डॉलर खर्चाचा बहुतेक भार सेल पुरवणाऱ्या एलजी कंपनीने उचलला. कार्डोझोंपुढे पुरवठादाराच्या चाकाआड लपू पाहणारा कारखानदार एक शतकानंतर ग्राहकास आधी भागवतो आणि मग पुरवठादाराशी हिशेब करतो, ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

आपल्याकडे हे कूळ फार उशिरा आले. ज्या 1966 साली अमेरिकेत कायदा झाला त्याच साली पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली खरी. पण स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे ताटकळणारा ग्राहक मिळालेल्या वाहनात खोट काढण्याच्या मनःस्थितीत नसे. फेब्रुवारी 2010 मध्ये मारुतीने इंधनपंपाच्या गॅस्केटसाठी 1 लाख ए-स्टार गाड्या परत बोलावल्या तेव्हा त्याची बातमी झाली. त्याच वर्षी नॅनोला आगी लागल्यावर टाटांनी विनामूल्य सुधारणा देऊ केली, आणि हा रिकॉल नव्हे असे आवर्जून सांगितले. 2012 मध्ये कारखानदारांच्या संघटनेने स्वेच्छेचा संकेत ठरवला. मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आले ते 2019 च्या दुरुस्तीने, आणि त्याखालचे नियम 1 एप्रिल 2021 पासून अमलात आले: तक्रारी ठराविक संख्येस पोचल्या तर केंद्र सरकार रिकॉलचा हुकूम काढू शकते, दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. मात्र कारखानदाराने दोष आपण होऊन कळवला व रिकॉल सुरू केला, तर दंड माफ. मार्च 2022 मध्ये पुण्यात ओलाची विजेवर चालणारी एक स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी कंपन्यांना आपण होऊन वाहने परत बोलावण्याचा इशारा दिला, आणि लगोलग ओलाने 1,441 स्कूटर परत बोलावल्या. स्वेच्छेला हुकमाची एवढी पाठराखण लागतेच.

राहता राहिला जुन्या बाजारातून गाडी घेणारा. अमेरिकेच्या पहिल्या कायद्याने त्याला अर्धवट वगळले होते, आणि आपल्याकडे कंपनीच्या दफ्तरात नंबर बहुधा पहिल्या मालकाचाच असल्याने फोन त्यालाच जातो, आणि तो म्हणतो, ‘गाडी विकली हो, तीन वर्षं झाली.’ म्हणून असा व्यवहार करताना आर.सी. वरील चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून, एखाद्या रिकॉलमधली दुरुस्ती बाकी आहे काय ते पाहून घ्यावे, आणि बाकी असल्यास ती विकणाऱ्याकडूनच उरकून घ्यावी. तिला पैसे पडत नाहीत, अर्धा दिवस तेवढा मोडतो.