फिरत्या विवराची वीज

कृष्णविवरांचा विषय निघाला की मला प्रथम आठवते ती तांब्याची एक तबकडी. १८३१ च्या ऑक्टोबरात मायकेल फॅरडेने ती लंडनला मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवली, आसाला आणि कडेला तारा टेकवल्या, आणि विद्युत्प्रवाह सतत वाहू लागला. फिरवणाऱ्या हाताचे श्रमच ते. फक्त वेष पालटलेला.

१९१८ साली लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिसला एम ८७ या दीर्घिकेच्या गाभ्यातून निघालेली एक सरळ रेघ दिसली. ती हजारो प्रकाशवर्षे लांबीचा झोत आहे, हे पुढे कळले. एवढे बळ येते कोठून? १९६३ त रॉय केरने फिरत्या विवराचे गणित सोडवले. १९६९ त रॉजर पेनरोजने युक्ती सांगितली: विवराबाहेरच्या, अवकाशालाच फरफटत नेणाऱ्या प्रदेशात कणाचे दोन तुकडे व्हावेत, एक ऋण ऊर्जा घेऊन आत पडावा, दुसरा मुद्दलाहून अधिक घेऊन सुटावा. परमवेगाने फिरणाऱ्या विवरातून वस्तुमानाच्या २९ टक्क्यांपर्यंत ऊर्जा काढता येते. पण तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने एकमेकांपासून फुटायला हवेत! निसर्गात हे घडणार कसे?

१९७७ त केंब्रिजच्या रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी कण बाजूला ठेवून चुंबकरेषा हाती घेतल्या. भोवतालच्या वायूतील प्रवाहांनी धरलेल्या या रेषा फिरत्या अवकाशात पिळल्या जातात, प्रचंड विद्युद्दाब उपजतो, आणि विवराचे फिरणे खर्ची पडून ऊर्जा बाहेर वाहते. फॅरडेचीच तबकडी, असे तेव्हापासून सांगतात. मला ही उपमा आवडते, तरी ती पुरती खरी नाही. तबकडीच्या तांब्यातून प्रवाह बाहेर येतो; विवराच्या सीमेतून काहीच बाहेर येत नाही. १९९० त पन्स्ली आणि कोरोनिटी यांनी नेमके हेच बोट ठेवले, आणि वाद बरीच वर्षे चालला. पीळ बसतो तो सीमेबाहेरच्या फरफटीत, हे उत्तर मला पटते.

आपल्याकडचे एक पान येथे गळता कामा नये. १९८५ साली संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधिच यांनी दाखवले, की विद्युच्चुंबकीय क्षेत्र असेल तर पेनरोजच्या तुकड्यांवरची ती वेगाची अट उरत नाही. मोडीत काढलेली कल्पना त्यांनी पुन्हा उभी केली.

२०२१ त एम ८७ च्या विवराजवळचे ध्रुवित प्रकाशाचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यावरून तेथील चुंबकक्षेत्र १ ते ३० गॉस निघाले. पृथ्वीचे सुमारे अर्धा गॉस असते. केवळ एवढेच, पण विवर साडेसहा अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे आहे.